सोळा आणे

बारामतीच्या एसटी स्टँडबाहेर उसाची ट्रॉली वळण घेतेय आणि तिच्या मागे तुमची रिक्षा अडकलीय. रविवार आहे. उपासना संपवून तुम्ही निघालात, पण पाळकसाहेबांचा प्रश्न अजून कानात आहे. पूर्ण अंतःकरणानं, पूर्ण जिवानं, पूर्ण बुद्धीनं, पूर्ण शक्तीनं देवावर प्रीती करायची हे आपण शब्बाथशाळेपासून पाठ म्हणतो. मग त्यातलं ‘पूर्ण’ म्हणजे किती?

तुमचा दशांश वेळेवर जातो. उपवासकाळात घरी मटण शिजत नाही. नाताळच्या फेरीत ढोलकी तुमचीच. तरी उत्तर द्यायची वेळ आली तेव्हा तुम्ही मान खाली घालून गीतांचं पुस्तक चाळत बसलात.

‘पूर्ण’ मोजायला आपल्याकडे एक जुनं माप आहे: सोळा आणे. सोळा आणे खरं, सोळा आणे काम. आणे बाजारातून गेले, शब्द राहिला. तो हातात धरून आज मागे जाऊ. फार लांब नाही. बारामती, इंदापूर आणि दौंडच्या पलीकडचं केडगाव. एका दिवसात उरकेल एवढीच वाट, फक्त वर्षं जरा जास्त.

ट्रॉली पुढे सरकते. तुम्ही खाली पाहता तर रस्त्यावर डांबर नाही.

कऱ्हाकाठ, १७९०

धूळ, तट्टांच्या लिदीचा वास आणि नदीकडून येणारी ओली झुळूक. ही तट्टं भीमथडीची, दख्खनभर नावाजलेली. पुढे इंग्रजी अमलात याच नावाचा तालुका होणार आहे आणि बारामती, केडगाव, दौंड सगळी त्यातच बसणार आहेत.

बारामतीच्या नाईकांच्या आश्रयानं राहिलेले मोरोपंत पराडकर आता साठीला आलेत. पुढ्यात कागद, हातात बोरू. तुम्ही ख्रिस्ती, हा माणूस रामाचा. तरी उंबऱ्याशी पाय थबकतो, कारण समोर जे चाललंय ते तुमच्या प्रश्नाचंच एक उत्तर आहे. रामाची एकच कथा या माणसानं शंभराहून अधिक परींनी लिहिली. त्यातलं एक रामायण निरोष्ठ: ओठाला ओठ लागेल असं अक्षर त्यात घ्यायचंच नाही. प नाही, ब नाही, म नाही. म्हणजे रामाची कथा सांगायची आणि ‘राम’ म्हणायची सोय नाही!

तुम्हांला हसू येतं. मग जाणवतं की ही नुसती कसरत नाही. जवळची सगळी विद्या, सगळं संस्कृत, सगळं छंदांचं कसब या माणसानं देवापुढे आरास मांडावी तसं मांडलंय. एकही दागिना पेटीत ठेवलेला नाही.

हे एक उत्तर झालं. ते गाठीला बांधा आणि पालखीच्या वाटेनं सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकीवरून पूर्वेला चला.

इंदापूर, १८३६

ऊन तेच आहे, पण शिवार ओसाड. सहा-सात वर्षांपूर्वी प्रिंगलसाहेबाच्या पाहणीनं सारा असा चढवला की कुणब्यांनी जमिनी टाकल्या. काही गावं उठून निजामाच्या मुलखात गेली. आता गोल्डस्मिड आणि विंगेट हे दोन तरुण अधिकारी नव्यानं मोजणी करताहेत. पुढे मुंबई इलाखाभर चालणार असलेली पद्धत इथे, इंदापुरात, जन्म घेतेय.

एका शेतात साखळी पसरलीय. बांधावर पाटील उकिडवा बसलाय आणि एकजण पहारीनं खड्डा घेतोय. तुम्ही वाकून पाहता. वरून सगळी माती काळीच. खाली गेल्यावर कुठे हातभर, कुठे वीतभर, मग मुरूम.

ही पद्धत पक्की होईल तेव्हा तिचं कोष्टक असं असेल: बारीक पोताची माती पावणेदोन हात खोल असेल तर प्रत सोळा आणे. हातभर खोल असेल तर दहा आणे. अर्धाच हात असेल तर सहा. शिवाय दोष वेगळे मोजायचे. चुनखड असेल, वाळू मिसळलेली असेल, उतार असेल, पाणी जिरत नसेल, तर दर दोषाला प्रत एक पायरी खाली.

पेरणाऱ्याचा दाखला तुम्ही शंभरदा ऐकलाय. काही बी वाटेवर पडलं, काही खडकाळीत, काही काट्यांत, काही चांगल्या जमिनीत. खडकाळीतलं बी सगळ्यांत आधी तरारलं, हेही तुम्हांला पाठ आहे. पण खड्ड्याशी उभं राहिल्यावर त्यातलं शेतकीचं गणित पहिल्यांदा डोळ्यांना दिसतं. माती उथळ असली की ऊब लवकर, उगवण लवकर आणि करपणंही लवकर. हिरवेपणावरून प्रत ठरत नाही. पहार रोवावी लागते.

माणसाच्या आयुष्यात पहार रोवते कोण? इंदापुरातलं उत्तर एका शब्दाचं आहे. दुष्काळ.

केडगाव, १८९७

दिक्सालहून गाडी पकडून, भीमा उजव्या हाताला ठेवत तुम्ही दौंड, पाटस करत केडगावला उतरता. स्टेशनाबाहेर उघडा माळ. पंडिता रमाबाईंनी इथे सुमारे शंभर एकर जमीन घेतली ती फळबाग लावायला, आपल्या पुण्यातल्या विधवांच्या शाळेला, शारदासदनाला, चार पैसे कायमचे मिळावेत म्हणून. त्या बागेच्या कडेला आता तंबू आहेत आणि गवताच्या झोपड्या.

झोपड्यांत मुली आहेत. मध्य प्रांतातल्या दुष्काळातून रमाबाईंनी स्वतः जाऊन आणलेल्या. पुण्यात प्लेग आहे, तिथे एवढी नवी माणसं ठेवता येत नाहीत, म्हणून मुक्काम इथे हलवला. तुम्ही एका झोपडीत डोकावता. आठ-नऊ वर्षांची पोर, हाताच्या काड्या, डोक्यात उवा आणि खवले. पुढ्यातली भाकरी ती अर्धी खाते आणि उरलेली फडक्याखाली दडवते. कोपऱ्यात अशा चार दिवसांच्या वाळक्या चतकोरी सापडतात. उद्या मिळेल यावर तिचा अजून विश्वास नाही. तिच्या शेजारी शारदासदनातली एक शिकलेली विधवा बसून कोमट पाण्यानं तिचं डोकं धुतेय. त्या विधवेच्या माहेरी या पोरीची सावलीही चालली नसती.

मग बाई येतात. वय एकोणचाळीस. पांढरं सुती लुगडं, कापलेले केस, घारे डोळे. ऐकायला कमी येतं, त्यामुळे बोलणाऱ्याच्या तोंडाकडे नीट पाहतात. इंग्लंडमध्ये डॉक्टरीण व्हायचं मनात होतं, ते या कानांमुळेच राहिलं.

या बाईच्या आयुष्यात पहार फार लवकर रोवली गेली होती. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणिक. बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकवलं म्हणून धर्ममार्तंडांचा रोष घेतलेले. रमाबाईंना अठरा हजार श्लोकांचं भागवत मुखोद्गत. क्षेत्रोक्षेत्री पुराण सांगत हिंडणारं हे कुटुंब १८७० च्या दशकातल्या दुष्काळात सापडलं. अकरा दिवस पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजूर यांवर काढले. वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. भावाबरोबर पायी कलकत्त्याला पोचल्यावर १८७८ मध्ये तिथल्या पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं. पुढच्या चार वर्षांत भाऊ गेला, लग्न झालं, मुलगी झाली आणि पटकीनं नवरा गेला.

म्हणून १८९६ मध्ये मध्य प्रांतातल्या दुष्काळाची बातमी आली तेव्हा त्या वर्गणी पाठवून थांबल्या नाहीत. भूक म्हणजे काय हे त्यांना पुस्तकातून शिकायचं नव्हतं.

त्याच वर्षीची लोणावळ्याची एक गोष्ट केडगावात सांगतात. तिथल्या प्रार्थनासभेत रमाबाईंनी आपल्या ख्रिस्ती झालेल्या मुली मोजल्या: पंधरा. मग देवाकडे मागणं केलं की या संख्येचा वर्ग कर. पंधरा गुणिले पंधरा, दोनशे पंचवीस. हाताशी जागा नाही, पैसा नाही, आणि मागणं असं! थोड्याच महिन्यांत दुष्काळानं त्यांच्या दारात तीनशेच्या आसपास मुली आणून सोडल्या. प्रार्थना ऐकली जाणं म्हणजे कामाचा डोंगर अंगावर येणं, हे तुम्हांला इथे कळतं. मागताना हात जोडलेले असतात, मिळाल्यावर तेच उवा काढायला लागतात.

वाँटेज, १८८३ आणि पुणे, १८९३

रात्री झोपडीबाहेर बसल्यावर मनात शंका येते: हे सोळा आणे एका दिवसात पडले का? नाही. तेवढ्यासाठी दोन उड्या मारू.

इंग्लंडमधल्या वाँटेजच्या मठात राहत असताना २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. पण तिथल्या सिस्टरांना लगेच कळलं की ही बाई मान डोलावणारी नाही. पटल्याशिवाय त्रैक्याचा सिद्धांत मान्य करणार नाही, असं त्या गुरुस्थानी असलेल्या सिस्टर जेराल्डिन यांना पत्रांतून सुनावत राहिल्या. क्रुसावरच्या लॅटिन अक्षरांवरून वाद घातला: भारतातल्या स्त्रीनं क्रूस घालायचा तर त्यावर संस्कृत हवं, लॅटिन का? खाणं शाकाहारी होतं ते जन्मभर शाकाहारीच राहिलं.

आणि त्यांनीच पुढे मोकळेपणी लिहून ठेवलं की बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षं आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. जन्मानं ख्रिस्ती असलेल्या तुम्हांला हे वाक्य जरा लागतं. आठ वर्षं! बुद्धीनं हो म्हणून झालं होतं, नाव लागलं होतं, शाळा सुरू झाली होती. माती अजून हातभरच होती.

किंमत १८९३ मध्ये द्यावी लागली. शारदासदन आता पुण्यात होतं. धर्माबाबत तिथे कुणावर जबरदस्ती नव्हती, पण रमाबाई आपली प्रार्थना दार उघडं ठेवून करत आणि मुली येऊन बसत. ‘केसरी’नं झोड उठवली. रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे हितचिंतकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांची बाजूही समजून घ्यावी लागते. त्यांनी मुली शिकायला पाठवल्या होत्या, धर्म बदलायला नव्हे. पण उघडं दार लावून घेतलं असतं तर संस्था वाचली असती, आणि रमाबाईंनी ते लावलं नाही. पुण्यानं एकेकाळी डोक्यावर घेतलेली पंडिता पुण्याला परकी झाली.

केडगाव, १९०५

पुन्हा तोच माळ, पण ओळखू येत नाही. १८९८ पासून याचं नाव मुक्ती. दगडी चर्च उभं आहे, विहिरी खोदल्यात, हातमाग आहेत, तेलाचा घाणा आहे, छापखाना आहे. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आलेल्या मुलींमुळे माणसं २००० च्या घरात गेली होती. ठरलेला पगार देणारं, ठरलेली रक्कम पाठवणारं मोठं मिशन मुक्तीच्या मागे नाही. पत्रांतून येईल ते दान, शेतात पिकेल ते धान्य.

जानेवारीत रमाबाईंनी विचारलं होतं, रोज प्रार्थनेला कोण जमेल? ७० जणी उठल्या. जूनपर्यंत ५५० झाल्या. तुम्ही पोचता ती २९ जूनची पहाट. मुलींच्या वसतिगृहातून रडण्याचा आवाज येतोय. कुणी पापांची कबुली देतेय, कुणी थरथरतेय, कुणी मोठ्यानं हसतेय. एका मुलीभोवती आग दिसली म्हणून दुसरी पाण्याची बादली घेऊन धावली, असंही इथे सांगतात. याच अनुभवावर मुक्तीतल्या मिनी एब्रम्सबाई १९०६ मध्ये एक छोटं पुस्तक लिहितील. ते पार दक्षिण अमेरिकेतल्या चिलीत, त्यांच्या एका वर्गमैत्रिणीच्या घरी पोचेल आणि १९०९ मध्ये तिथे पेंटेकोस्टल चळवळ उभी राहील. भीमथडीच्या माळावरून चिलीपर्यंत!

तुम्ही भारावून जाता. मग इंदापूरचा खड्डा आठवतो. खडकाळीतलं बीही पहिल्या आठवड्यात असंच तरारतं. म्हणून तुम्ही निघत नाही, थांबता. दुसऱ्या दिवशी पहाटे जात्यांचा आवाज ऐकू येतो. रडून डोळे सुजलेल्या त्याच मुली दळायला बसल्यात. पाणी शेंदलं जातंय, आंधळ्या बायकांचे हात धरून कुणी त्यांना न्यायला आलंय. प्रार्थना करणाऱ्यांच्या तुकड्या दुपारी आसपासच्या गावांकडे निघतील, पण त्याआधी पीठ पडायला हवं. माती खोल आहे हे तुम्हांला त्या जात्यांवरून कळतं.

केडगाव, १९२२

शेवटचा थांबा छापखान्यात. मार्च संपत आलाय. शाईचा, रॉकेलचा वास. लाकडी खणांच्या तिरप्या पेटीपुढे एक बाई उभी आहे, डाव्या हातात लोखंडी पट्टी, उजवा हात खिळे वेचतोय. क, मग काना, मग र. नजर हस्तलिखितावर. हात आपला आपण खण शोधतो. ओळ भरली की ती अंगठ्यानं दाबते आणि उलटी वाचून पाहते.

“उलटं वाचता येतं?” तुम्ही विचारता.

“उलटंच आधी शिकले,” ती मान वर न करता म्हणते. “सुलट मागून आलं.”

ती जुळवतेय ते बायबलचं मराठी भाषांतर. रमाबाईंनी ते १९०५ च्या सुमारास हाती घेतलं. बायबलच्या मूळ भाषांपर्यंत पोचायचं म्हणून उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. मराठीत बायबल आधीपासून होतं, पण त्याची भाषा जड, संस्कृतानं भरलेली. खेड्यातल्या बाईला ती कळत नव्हती.

आता मोरोपंतांना आठवा. त्याच मुलखात, सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी, एका विद्वानानं आपलं सगळं संस्कृत देवापुढे मांडलं होतं. आणि इथे ‘सरस्वती’ पदवी मिळालेली, लॅटिनऐवजी क्रुसावर संस्कृत हवं म्हणून भांडलेली बाई देवाच्या पुस्तकातून संस्कृत शब्द एकेक करून काढतेय. तिच्या जिभेवर जो शब्द पहिला येत असेल तोच खोडून, दळणाऱ्या बाईला कळेल असा दुसरा शोधतेय. खिळे जुळवणारीचा हातही त्यामुळे झरझर चालतो. जोडाक्षरांच्या खणाकडे तिला फारसं वळावं लागत नाही.

यात हिंदू विधींचा वास नको हाही हेतू होताच. आणि हे भाषांतर पुढे चर्चांमधून फारसं रूढ झालं नाही, हेही खरं. कित्येकांना ते खडबडीत वाटलं. मोरोपंतांच्या आर्या आजही म्हटल्या जातात, हे पान फार थोडे वाचतात.

पण तुमचं माप इथे पुरं होतं. पैसा देणं सहा आणे. अंग झिजवणं दहा. लोकांतली पत गेली तरी चालेल म्हणणं, चौदा धरू. उरलेले दोन आणे ज्याचा आपल्याला मनातून अभिमान असतो त्यात अडकलेले असतात. ते सुटले की सोळा. देवळाच्या दानपेटीत दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेची गोष्ट येशूनं सांगितली, तीही तेवढ्या शेवटच्या दोन नाण्यांचीच होती.

बाई आतल्या खोलीत मुद्रितं तपासताहेत. गेल्या जुलैत त्यांची एकुलती मुलगी मनोरमा गेली. संस्था जिच्या हाती सोपवायची ती चाळीशीतच गेली. तरी टेबलावरचा गठ्ठा रोज थोडा कमी होतोय. काम पुरं होईपर्यंत दहा दिवस दे, असं त्यांनी देवाकडे मागितलं होतं, असं मुक्तीतली माणसं सांगतात. दाराआडून तुम्हांला एवढंच दिसतं: कागदावर वाकलेलं पांढरं डोकं, आणि समासात खालीवर फिरणारा टाक.

बारामती, आज

रिक्षावाला हॉर्न देतो. ट्रॉली केव्हाच निघून गेलीय. कालव्याला पाणी आहे, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस उभा आहे. वरून सगळी शिवारं सारखीच हिरवी.

पुढच्या रविवारी पाळकसाहेब पुन्हा विचारतील तेव्हा दशांशाची पावती काढू नका. तुमच्याकडे असं काय आहे जे कुणी मागितलं तर तुम्हांला राग येईल, एवढं आधी स्वतःशी ठरवा. मग केडगावला जाऊन या. मुक्ती मिशन अजून आहे, स्टेशनापासून लांब नाही.

पंडिता रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी पहाटे गेल्या. मुद्रितं तपासून झाली होती. पुस्तक १९२४ मध्ये बाहेर पडलं. त्याचे खिळे मुक्तीतल्या बायकांनी जुळवले, छपाई त्यांनीच केली आणि बांधणीही.